तासिकेची मजुरी

गेल्या जूनच्या अखेरीस, मृगाचा पाऊस पडून जिल्ह्यात पेरण्यांची घाई उडाली असताना, माझी एक जुनी विद्यार्थिनी दोन कागद घेऊन माझ्याकडे आली. मुलगी मानोरा तालुक्यातील; वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर सालदार. तिने एम. ए. केले, नेटची परीक्षा उत्तीर्ण केली, आणि आता तिच्यापुढे दोन नोकऱ्या होत्या. किंवा अधिक काटेकोर बोलायचे तर नोकऱ्यांच्या दोन छाया होत्या. पहिला कागद एका महाविद्यालयाचा. त्यात आठवड्यास नऊ तासिका आणि घेतलेल्या प्रत्येक तासिकेस ९०० रुपये असे लिहिले होते. दुसरा एका खाजगी शिकवणीवर्गाचा. तेथे दरमहा ठोक २२,००० रुपये मिळणार होते. "सर, तासावर जाऊ की ठोकीवर?" असा तिचा प्रश्न होता. तिने स्वतः हिशेब करून आणलाच होता. नऊ तासिका, चार आठवडे, नऊशे रुपये. एकूण ३२,४०० रुपये. हा आकडा बावीस हजारांहून मोठा आहे हे सांगण्यास प्राध्यापकाची गरज नव्हती. परंतु निघताना ती सहज म्हणाली, "बाबा एकच विचारतात, सर. या कामाला साल आहे का?"

प्रस्तुत लेखकाने तीस वर्षांच्या अध्यापनात अर्थशास्त्राची पुस्तके थोडीफार चाळली आहेत. परंतु या प्रश्नाइतका नेमका प्रश्न त्याला क्वचितच भेटला आहे. मोबदल्याची रचना निवडणे हा कारकुनी हिशेबाचा विषय आहे, त्यात तत्त्वाचे काही नाही, अशी आपल्या शिष्ट समाजाची समजूत आहे. हा लेख त्या समजुतीविरुद्ध आहे. दर किती हा प्रश्न दुय्यम होय. कामाच्या कोणत्या भागास काम म्हणावयाचे, आणि रिकाम्या दिवसांचा भार कोणी वाहावयाचा, हा मुख्य प्रश्न होय. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्व म्हणून जी पद्धत रूढ झाली आहे तिने या मुख्य प्रश्नाचे उत्तर गुपचूप देऊन टाकले आहे, आणि ते उत्तर अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडू. ते म्हणतात, "जितका तास तितका दाम, याहून सरळ न्याय कोणता? जो शिकवील त्याला मिळेल, जो शिकविणार नाही त्याला मिळणार नाही. काम अर्धवेळचे आहे. मग पगार पूर्णवेळचा का मागता? शिवाय दर ठरलेला आहे, तो शासनाने वाढविलाही आहे." हे बोलणे कानास गोड लागते. त्यात असत्य असे एकही वाक्य नाही. आणि तरीही ते सारे मिळून एक मोठे असत्य होते. ते कसे, हे समजण्यासाठी विलायतेतील ग्रंथ उघडण्यापूर्वी वाशिमच्या शेतात जाऊन यावे.

आमचा शेतकरी मजुरीची रचना कामाचा स्वभाव पाहून ठरवितो. कापसाची वेचणी किलोवर देतात. कारण वेचलेला कापूस काट्यावर घालता येतो आणि दोघांनाही तो डोळ्यांनी दिसतो. सोयाबीनची सोंगणी बहुधा एकरी ठरवून, गुत्त्याने देतात. कारण पीक उभे आहे की आडवे झाले, हे बांधावरून कळते. निंदण मात्र पुष्कळ शेतकरी रोजाने लावतात. ते गुत्त्याने दिले तर तण निघेल, पण घाईत पिकाचे रोपही निघेल. शिवाय मुळासकट काय उपटले आणि वरवर काय खुडले, हे पुढच्या पावसापर्यंत कळत नाही. आणि बैलांची, गोठ्याची, पाण्याची, राखणीची जबाबदारी असते तेथे सालदार ठेवतात. गुढीपाडव्याला साल ठरते आणि पुढच्या पाडव्यापर्यंत चालते. बैल रात्री दोन वाजता फुगला तर सालदार उठतो. त्या उठण्याची मजुरी वेगळी मोजीत नाहीत आणि मोजता येतही नाही. पण झड लागून आठ दिवस औत चालले नाही म्हणून सालही कापीत नाहीत. सालदारीच्या पद्धतीत जुलूम नव्हता असे मी म्हणत नाही. उचल, कर्ज, अपमान हे सारे तिच्यात होते व आहे. परंतु ज्या कामाचे मोजमाप दिवसाच्या अखेरीस होत नाही, ते तुकड्यांच्या दराने देऊ नये, एवढे शहाणपण तिच्यात निश्चित आहे.

आता विचारू: शिकविणे हे काम वेचणीच्या जातीचे की राखणीच्या? तासिकेचा हिशेब ते वेचणीच्या जातीचे धरतो. वर्गात उभे राहून बोललेली मिनिटे म्हणजे काट्यावर घातलेला कापूस. त्या मिनिटांपूर्वीचे वाचन, त्यानंतरची वह्यांची तपासणी, परीक्षेचे पर्यवेक्षण, दाराशी घुटमळणाऱ्या विद्यार्थ्याची शंका, घरी लग्न ठरविल्याने शिक्षण सुटू पाहणाऱ्या मुलीच्या आईवडिलांशी बोलणे, हे सर्व काट्याबाहेर. हा माझा भावनाविलास नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी पूर्णवेळ अध्यापकाचे काम आठवड्यास किमान ४० तासांचे व वर्षास ३० आठवड्यांचे धरले असून त्यापैकी सहायक प्राध्यापकाने प्रत्यक्ष अध्यापनाचे १६ तास करावेत असे सांगितले आहे. म्हणजे शिकविण्याच्या एका तासामागे दीड तास दुसरे काम असते, हे खुद्द आयोगास मान्य आहे. कायम अध्यापकाच्या बाबतीत जे काम कागदोपत्री काम ठरते, तेच तासिकेवरच्या अध्यापकाने केले की हौस ठरते! नऊ तासिका घेणाऱ्याचे खरे काम या प्रमाणाने साडेबावीस तासांचे होते, आणि नऊशे रुपयांचा तास प्रत्यक्षात ३६० रुपयांचा उरतो.

आता दराकडे वळू. कारण माझ्या म्हणण्याचा कणा येथेच आहे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. ते सोळा तासांच्या अध्यापनासाठी. मग नऊ तासांच्या अध्यापनास त्याच प्रमाणात किती? ३२,४५६ रुपये. आणि शासनाने २०२३ साली पदवी वर्गाच्या तासिकेस ठरविलेल्या ९०० रुपयांच्या दराने, चार भरगच्च आठवड्यांत नऊ नऊ तासिका झाल्या तर किती? ३२,४०० रुपये. महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह या गोष्टी घटकाभर बाजूस ठेवल्या तर दोन आकड्यांत छप्पन्न रुपयांचे अंतर आहे! तेव्हा दर कमी आहे अशी तक्रार करणाऱ्यांना उत्तर देणे शासनास अवघड नाही.

परंतु हाच हिशेब वर्षाचा करून पाहा. प्रमाणशीर वेतन बारा महिने चालले तर ३,८९,४७५ रुपये होतात. तासिकेचा हिशेब तीस आठवड्यांपलीकडे जात नाही. एकही तासिका बुडाली नाही असे धरले तरी २७० तासिकांचे २,४३,००० रुपये होतात. दर तोच, काम तेच, माणूस तोच. केवळ रचना बदलली आणि दीड लाखाच्या आसपास, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक, रक्कम नाहीशी झाली. माझ्या विद्यार्थिनीला ज्या ठोक बावीस हजारांची कीव वाटली, त्यांचे देखील वर्षाला २,६४,००० होतात. मोठा दिसणारा आकडा लहान, आणि लहान दिसणारा मोठा! बरे, एकही तासिका बुडाली नाही हे गृहीतच मुळी खोटे आहे. दिवाळी आहे, निवडणुकीसाठी इमारत ताब्यात घेणे आहे, परीक्षांचे दोन हंगाम आहेत, नेमणुकीच्या परवानगीस होणारा विलंब आहे. पोळ्याच्या दिवशी कायम प्राध्यापकाचा पगार चालू असतो, बैलालाही विसावा मिळून वर पुरणपोळी मिळते; तासिकेवरच्या अध्यापकाची मात्र त्या दिवसाची कमाई बुडते. सुट्टी ही ज्याला शिक्षा वाटते असा अध्यापक आपण निर्माण केला आहे.

येथे एखादा व्यासंगी वाचक ॲडम स्मिथला साक्षीस बोलावील, आणि बोलवावेच. १७७६ च्या आपल्या ग्रंथात स्मिथने ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांवर कोरडा ओढला आहे. त्यांचे उत्पन्न ठरलेले असल्यामुळे बहुतेकांनी शिकविण्याचे सोंग करणेही सोडून दिले आहे, असा त्याचा आरोप. ग्लासगोत अध्यापकाच्या उत्पन्नाचा मोठा भाग विद्यार्थ्यांच्या फीमधून येई, आणि तेच त्याला योग्य वाटे. ठरलेले वेतन माणसास आळशी करते या आक्षेपात तथ्य आहे. आमच्यातही असे महाभाग आहेत आणि त्यांचा बचाव मी करणार नाही. पण स्मिथची पद्धत आणि आपली तासिका यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. तेथे विद्यार्थी संपूर्ण अभ्यासक्रमाची फी देई. अध्यापकाने जो विषय अंगावर घेतला त्याचे ते मोल होते, घड्याळाच्या काट्याचे नव्हे. म्हणूनच १७६४ साली सत्राच्या मध्येच ग्लासगो सोडताना स्मिथने विद्यार्थ्यांची फी परत करण्याचा आग्रह धरला. मुले घेईनात तरी त्याने ती त्यांच्या गळ्यात घातली. आपण इतके तास घेतले, तेव्हा इतके पैसे आपले, असा हिशेब त्याने केला नाही. ज्याने संपूर्ण काम पत्करलेले असते, त्यालाच अपुऱ्या कामाची लाज वाटू शकते. तासिकेच्या पद्धतीने ही लाज बाळगण्याचे कारणच काढून घेतले आहे.

अध्यापनाचे तुकडे पाडून मोल करण्याचा मोठा प्रयोग इंग्लंडात एकदा होऊन गेला आहे. १८६२ च्या सुधारित नियमावलीने प्राथमिक शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व गणित यांतील परीक्षेच्या निकालावर बांधले. परिणाम असा झाला की मुले धडे पाठ करू लागली आणि जे निरीक्षक तपासणार नाहीत ते शिकविण्याचे कारणच उरले नाही. मॅथ्यू अर्नोल्ड हा कवी स्वतः शाळांचा निरीक्षक होता. त्याने या पद्धतीस कडाडून विरोध केला. त्या शतकाच्या शेवटच्या दशकात ती मोडीत निघाली. धडा एवढाच: अध्यापनाचा जो भाग मोजून पैसे द्याल तेवढाच भाग पिकेल, आणि बाकीचे रान पडीक राहील.

महाराष्ट्रात हा वाद नवा नाही. १८८४ साली पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिच्या आजीव सभासदांनी अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा केली. पुढे त्यांच्यात जे वितुष्ट आले, त्याला इतर कारणे असली तरी वेतन आणि बाहेरचे काम हा एक प्रमुख मुद्दा होता. आजीव सभासदाने आपला सर्व वेळ संस्थेस द्यावा, इतरत्र मिळकतीचे वा जबाबदारीचे काम पत्करू नये, असा टिळकांचा कटाक्ष. आगरकर, गोखले प्रभृतींना तो इतका कडक मान्य नव्हता. १८९० साली टिळक बाहेर पडले. कोणाची बाजू बरोबर होती हे येथे ठरवावयाचे नाही. परंतु दोन्ही पक्षांत एक गोष्ट समान होती. वेतन थोडे असले तरी ते महिन्याचे होते, सेवा वर्षानुवर्षांची होती, आणि अध्यापक हा संस्थेचा घटक आहे याविषयी कोणालाही शंका नव्हती. थोडक्यात राहणे हा त्याग त्यांनी स्वेच्छेने केला होता. आज आपण तोच त्याग एका सालदाराच्या मुलीकडून सक्तीने वसूल करतो, आणि बदल्यात घटकत्वही देत नाही.

मग तासिकेचे तत्त्व सर्वस्वी टाकाऊ आहे काय? नाही. एखादा वकील विधी महाविद्यालयात आठवड्यास एक व्याख्यान देण्यास येतो, एखादा डॉक्टर, एखादा चित्रकार येतो. त्यांचे पोट अन्यत्र भरलेले आहे, तेव्हा त्यांना व्याख्यानागणिक मानधन देणे हेच योग्य. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी अध्यापकांसाठी व्याख्यानास १,५०० रुपये आणि महिन्यास अधिकांत अधिक ५०,००० रुपये असे मान ठरविले, त्याच्या नावातच अतिथी हा शब्द आहे. पण पाहुण्याचा शिधा देऊन घरच्या माणसाचे काम करून घेणे याला आतिथ्य म्हणत नाहीत. ज्या विभागात कायम अध्यापकाच्या निवृत्तीनंतर जागा भरली गेली नाही आणि सारा विभाग तासिकांवर चालला आहे, तेथे पाहुणा कोण आणि यजमान कोण? २०१८ च्याच विनियमांत कंत्राटी अध्यापकांचे प्रमाण एकूण जागांच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये आणि त्यांचे एकत्रित वेतन कायम सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनाहून कमी असू नये, असे स्वच्छ लिहिले आहे. आमच्यासारख्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत फिरून आलेल्या कोणासही या वाक्याचे हसू येईल. ते हसू फार वेळ टिकणार नाही एवढेच.

ठोक मानधन हाच रामबाण उपाय, असेही कोणी समजू नये. गुजरातेत सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांतील कंत्राटी सहायक प्राध्यापकांना वर्षानुवर्षे दरमहा ठोक ३०,००० रुपयांवर ठेवले होते. अखेर २०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयास त्यांना त्या पदाच्या वेतनश्रेणीचा किमान पगार देवविणे भाग पडले. ठोकीत रक्कम बांधलेली असते, पण काम मोकळे असते. सकाळची तुकडी, दुपारची तुकडी, रविवारची चाचणी, प्रवेशाची जाहिरात वाटणे, सारे त्या बावीस हजारांत बसविले जाते. तासिकेत रिकामा दिवस अध्यापकाच्या माथी मारतात. ठोकीत भरलेला दिवस माथी मारतात. यास्तव न्यायाची रचना तिसरीच आहे, आणि तिच्यात नवीन असे काही नाही: जितके काम तितक्या प्रमाणात वेतन, पण ते महिन्याचे, वर्षभराचे, आणि कामाच्या सर्व अंगांसह. नऊ तास असतील तर सोळापैकी नऊ भाग वेतन. सुट्टी, आजारपण, बाळंतपण यांचे हक्क त्याच प्रमाणात. नेमणूक जूनमध्ये, आणि संपूर्ण शैक्षणिक वर्षासाठी. अर्धवेळ माणूस ही काही अर्धी व्यक्ती नव्हे. तिला भूक बाराही महिने लागते.

"एवढा पैसा आणावा कोठून?" हा शेवटचा आक्षेप. उत्तर असे की हा पैसा आजही खर्च होतोच आहे, फक्त तो तासिकेवरच्या अध्यापकाच्या खिशातून होतो. आणि त्याच्या मागून विद्यार्थ्याच्या. वाशिम हा २०१८ पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. म्हणजे तो मागे आहे हे शासनास मान्य आहे. येथील वर्गात बसणारी पुष्कळ मुले घरातील पहिलीच पदवीधर होणार असतात. घरी पुस्तक नाही, विचारावे असे माणूस नाही. त्यांना तासापलीकडचा अध्यापक सर्वांत अधिक हवा असतो, आणि नेमका तोच आपण हिशेबातून वगळला आहे. तास संपताच दुसऱ्या गावची एस.टी. पकडण्यासाठी धावणाऱ्या अध्यापकास दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही. ज्या तासाचे पैसे देता, तो तास त्याने दिला आहे.

हा दोष केवळ शासनाचा वा संस्थाचालकांचा म्हणून हात झटकणे मला शक्य नाही. आम्ही कायम प्राध्यापक या व्यवस्थेचे मूक भागीदार आहोत. विभागप्रमुख म्हणून तासिकांच्या नोंदवहीवर मीच सही करतो. महाविद्यालयात स्नेहसंमेलन असल्यामुळे न झालेल्या तासिकांपुढे मी स्वतः रेघ मारली आहे, आणि त्या दिवशी ती मंडळी सकाळपासून रात्रीपर्यंत मंडपात राबत होती हे मला ठाऊक होते. नियम तसा होता हे खरे. पण पर्यवेक्षण, समित्या, अहवाल ही कंटाळवाणी कामे त्यांच्याकडे सरकविताना मी नियम पाहिला नव्हता. आपल्या वेतनासाठी संप करणाऱ्या आमच्या पिढीने यांच्यासाठी किती दिवस वर्ग सोडले, याचा जमाखर्च ज्याने त्याने मनाशी मांडावा.

त्या मुलीला मी काय सांगितले? सांगितले की, दर पाहू नकोस, वर्षाची बेरीज पाहा. तासावर जाणार असशील तर वर्षात किमान किती तासिका मिळतील हे लेखी मागून घे. ठोकीवर जाणार असशील तर अधिकांत अधिक किती तास हे लेखी माग. पर्यवेक्षण व पेपर तपासणी यांचे पैसे वेगळे की आतले, हे आधी विचार. पैसे कोणत्या तारखेस मिळणार ते विचार. कारण सहा महिन्यांनी मिळणारे मानधन हे अध्यापकाने संस्थेस दिलेले बिनव्याजी कर्ज असते. तिने सारे वहीत उतरून घेतले आणि अखेर ती तासिकेवरच गेली. महाविद्यालयातला अनुभव पुढे कायम जागेस उपयोगी पडेल, असे ती म्हणाली. मी तिला अडवू शकलो नाही. तासिकेच्या दरात न लिहिलेला एक मोबदला असतो, तो हा: आशा. तो देण्यास कोणाला दमडी लागत नाही, म्हणून तो सढळ हाताने दिला जातो.

तिच्या वडिलांच्या प्रश्नास मात्र मी अजून उत्तर दिलेले नाही. या कामाला साल नाही, हे त्या वृद्ध माणसास सांगावयाचे म्हणजे त्याने चाळीस पाडवे दुसऱ्याच्या गोठ्यात घालवून मुलीला जेथवर चढविले, तेथे त्याच्या गोठ्याइतकीही शाश्वती नाही, हे सांगणे होय. ते सांगण्याचे धैर्य ज्यांच्यात असेल त्यांनी ही पद्धत खुशाल चालू ठेवावी. माझ्यात ते नाही. म्हणून हा लेख लिहिला.